करवंटीतली कबर आणि हळदीची अंडी

पुणे, 21 मार्च 2026

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

रूथ आणि छोटू 28 ला सकाळी तुमच्याकडे पोहोचतील आणि ईस्टर होईपर्यंत तिथेच राहतील. आई, तू म्हणालीस, "फोनवर सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही, या पोट्ट्यांना नऊ दिवस काय करायला द्यायचं ते नीट लिहून पाठव." म्हणून हे पत्र. बाबांनी मोठ्याने वाचावं आणि लागणाऱ्या सामानावर पेन्सिलने खुणा कराव्यात.

21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा झाली की पुढचा रविवार ईस्टरचा. यंदा चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती, 2 एप्रिलला आहे, म्हणून ईस्टर 5 ला. गेल्या वर्षी तो 20 एप्रिलला होता, त्या मानाने यंदा ऊन जरा कमी असेल. पण शेवटी नागपूरच ते. रंगाचं, कात्रीचं, चिकटवण्याचं काम सकाळी साडेदहाच्या आत उरका. कूलर सुरू झाला की कागदाला हात लावू नका. झोताने कागद उडतात, आणि कूलरच्या ओल्या हवेत फेव्हिकॉल वाळता वाळत नाही, कार्डपेपर मऊ पडतो. छोटू दर दोन मिनिटांनी "वाळलं का?" म्हणून बोट लावतो आणि चिकटवलेलं सरकवून ठेवतो. दुपार गोष्टींना आणि झोपेला ठेवा.

बागेपासून सुरुवात करा, कारण बी उगवायला दिवस लागतात. ईस्टरची बाग म्हणजे एका पसरट भांड्यात वधस्तंभाची टेकडी आणि रिकामी कबर. जुनी परात चालेल, पण तिला खाली भोकं नसतात आणि पाणी तुंबलं की चौथ्या दिवशी माती आंबट वास मारते. म्हणून तळाला बोटभर जाडीची बारीक गिट्टी, तिच्यावर दोन इंच माती, मागच्या बाजूला मातीचा थोडा उंचवटा. कबरीसाठी नारळाची अर्धी करवंटी घ्या. ती पालथी न घालता आडवी टेकवा, तोंड पुढे, निम्मी मातीत रोवलेली, आणि पाठीवर माती थापा. झाली गुहा. तोंड झाकायला पुरीएवढा चपटा दगड लागेल. तो शोधायची जबाबदारी मुलांची. अंगणातले सगळे दगड लावून बघतील, त्यात अर्धा तास सहज जाईल, मध्ये पडू नका.

वधस्तंभ तीन, खराट्याच्या काड्यांचे. मधल्याची उभी काडी 15 सेंटीमीटर, आडवी 8, बाजूचे दोन थोडे आखूड. इथे सगळेच फसतात. दोरा एकाच दिशेने गुंडाळला की आडवी काडी पंख्यासारखी फिरते. चार वेढे एका तिरप्या दिशेने, मग चार दुसऱ्या तिरप्या दिशेने, म्हणजे पुढून फुली दिसली पाहिजे, आणि गाठ मागे. रूथ सहा वर्षांची आहे, तिला हे जमतं. फक्त काड्यांचा सांधा बाबांनी चिमटीत धरावा.

बी मोहरीचं पेरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोंब येतो, आठवड्यात बोटाच्या दोन पेरांएवढी हिरवळ होते, आणि येशूने सांगितलेला मोहरीच्या दाण्याचा दाखलाही त्याच निमित्ताने सांगता येतो. पण फोडणीच्या डब्यातली मोहरी जुनी असली तर उगवणार नाही. वीस दाणे आधी ओल्या फडक्यात ठेवून पाहा, पंधरा तरी फुटले पाहिजेत. पेरायची शनिवारी 28 ला किंवा झावळ्यांच्या रविवारी, 29 ला. दाणे वर पसरा, चिमूटभर माती भुरभुरा, आणि पाणी तांब्याने ओतू नका, नाहीतर सगळे दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात. फवारा मारा, सकाळ-संध्याकाळ. परात गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन येतं तिथे ठेवा. दहानंतरच्या उन्हात कोंब करपतात आणि अंधाऱ्या खोलीत पिवळे, लांबुडके होऊन आडवे पडतात.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मुलांनी कबरीत पांढरा रुमाल ठेवून दगड लावायचा. रविवारी पहाटे, मुलं उठायच्या आत, तुमच्यापैकी कुणीतरी दगड बाजूला सरकवायचा आणि रुमाल नीट घडी करून आत ठेवायचा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायात डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला दिसतो, तो भाग बाबांनी आदल्या रात्री वाचून दाखवावा. पहाटे दगड सरकलेला दिसला की रूथ आधी त्या रुमालाकडे बघेल. समजावून सांगायची घाई करू नका.

आता अंडी. जुन्या काळी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, अंडी खाणं वर्ज्य असायचं, कोंबड्या मात्र अंडी देतच राहायच्या, म्हणून ईस्टरला घरात ढीग साचायचा. अंड्यांचा या सणाशी संबंध जुळला त्यात याचाही वाटा आहे. रंगवण्यासाठी पांढरी अंडी घ्या, एक डझन. गावरान अंड्याच्या तपकिरी टरफलावर निळा-पिवळा दिसत नाही, फक्त कांद्याचा गडद रंग बसतो. अंडी सोमवारीच आणून फ्रिजमध्ये ठेवा, कारण अगदी ताजं उकडलेलं अंडं सोलताना पांढरं टरफलाबरोबर निघून येतं. पाच-सहा दिवसांचं झालं की नीट सोललं जातं.

शनिवारी 4 तारखेला सकाळी अंडी फ्रिजबाहेर काढून अर्धा तास ठेवा. फ्रिजमधलं अंडं थेट उकळत्या पाण्यात टाकलं की तडकतं. बोथट टोकाला हवेचा कप्पा असतो, ती हवा एकदम फुगते. गार पाण्यात ठेवून गॅस लावा, उकळी आली की आच मंद करून दहा मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. जास्त उकडलं तर पिवळ्याभोवती हिरवट-काळं कडं येतं. खायला काही होत नाही, पण छोटू ते खाणार नाही. गार झाल्यावर साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुऊन पुसा. हाताचं तेल लागलेल्या जागी रंग धरत नाही आणि बोटांचे पांढरे ठसे राहतात.

रंग तीन करा. तिन्ही स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, ॲल्युमिनियमच्या नको, कारण व्हिनेगर त्याला खातं. कांद्यासाठी आठ-दहा कांद्यांची कोरडी सालं (आजपासूनच एका पिशवीत जमवायला लाग, आई), चार कप पाणी, मंद आचेवर पंचवीस मिनिटं. हळदीसाठी तीन कप पाण्यात दोन मोठे चमचे हळद, पंधरा मिनिटं. निळ्यासाठी लहान जांभळ्या पत्ताकोबीचा अर्धा गड्डा चिरून चार कप पाण्यात, पंचवीस मिनिटं. सगळं गाळून पूर्ण गार करा आणि प्रत्येकात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घाला. हळद फडक्यानेच गाळा, गाळणीतून कण जातात आणि अंड्यावर ठिपके उमटतात. व्हिनेगर टरफलाचा वरचा थर किंचित खातं, म्हणून रंग धरतो. अंड्यावर बारीक बुडबुडे आले की समजायचं काम चाललंय. व्हिनेगर जास्त झालं तर मात्र टरफल खडबडीत होऊन पापुद्रे सुटतात आणि रंग ओघळतो.

कांद्यात दहा मिनिटांत फिकट केशरी, अर्ध्या तासात विटेसारखा रंग येतो. हळदीत अर्धा तास पुरे. पत्ताकोबीची मजा वेगळीच. पाणी जांभळं, पण रात्रभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवलेलं अंडं सकाळी निघतं ते निळं. टरफलातल्या चुन्यामुळे तो रंग बदलतो. दोन हळदीची अंडी वाळवून पत्ताकोबीत टाका, हिरवी निघतील. बीट वापरायचा मोह टाळा. भांड्यात सुंदर गुलाबी दिसतं, पण अंड्यावर फिकं बसतं आणि दुसऱ्या दिवशी मळकं होतं.

नक्षीचे दोन प्रकार सांगते. पहिला मेणाचा. कोरड्या, गार अंड्यावर पांढऱ्या क्रेयॉनने किंवा मेणबत्तीच्या टोकाने रेघा काढायच्या आणि मग रंगात सोडायचं. रेघा पांढऱ्या राहतात. युक्रेनमध्ये मेणाने अशीच, पण फार बारीक नक्षी करतात. त्या अंड्यांना पिसांका म्हणतात. अंडं किंवा रंग कोमट असला तर मेण वितळून नक्षी जाते, म्हणून सगळं गार हवं. दुसरा प्रकार पानाचा, आणि तोच मला जास्त आवडतो. सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, एक पान पाण्यात बुडवून अंड्यावर सपाट चिकटवायचं, वरून जुन्या पातळ स्टॉकिंगचा तुकडा ताणून मागे दोऱ्याने घट्ट बांधायचा आणि अंडं कांद्याच्या रंगात सोडायचं. अर्ध्या तासाने सोडवलं की पानाच्या कडेची प्रत्येक कातर पांढरी उमटलेली दिसते. बांधणं सैल राहिलं तर रंग पानाखाली शिरतो आणि नुसता डाग दिसतो. बाबा, बांधायचं काम तुमचं, चिकटवायचं आणि सोडवायचं मुलांचं. रंग वाळला की बोटावर तेलाचा एक थेंब घेऊन अंड्यावर फिरवा, चमक येते.

होळीचे उरलेले रंग कपाटात असतील, ते या कामाला मुळीच घेऊ नका. टरफलाला बारीक छिद्रं असतात आणि अंडी शेवटी पोटात जायची आहेत. उकडलेली अंडी फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, तुमच्याकडच्या उन्हाळ्यात तर एकच तास धरा. आठवड्याच्या आत संपवा.

हळदीचे हात मुलांनी साबणाने धुतले की लालभडक होतील. घाबरू नका. हळदीला साबण, सोडा, चुना असं काही लागलं की ती लाल होते. कुंकू पूर्वी तसंच करत. त्याचाच एक खेळ आहे, बुधवार-गुरुवारसाठी ठेवा. एक चमचा हळद अर्धी वाटी पाण्यात कालवून चित्रकलेच्या खरबरीत कागदावर ब्रशने पसरायची, पंख्याखाली वाळवायचा आणि कागद अंड्याच्या आकारात कापायचा. मग कान साफ करायच्या काडीने साबणाच्या पाण्यात बुडवून नक्षी काढायची, लाल रेघा उमटतात. लिंबाचा रस लावला की परत पिवळ्या. गुळगुळीत झेरॉक्सचा कागद घेऊ नका, त्यातले काही कागद हळद लागताच स्वतःच तांबूस होतात. खाली वर्तमानपत्र अंथरा आणि मुलांना जुने कपडे घाला, हळद सुटत नाही.

अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधून पिल्लं करता येतात. दोन वाट्या कापून तोंडाला तोंड चिकटवायची, पिवळा पोस्टर कलर, केशरी कागदाची चौकट मध्ये दुमडून चोच. तो पुठ्ठा रंग पिऊन टाकतो, म्हणून आधी पांढऱ्याचा एक हात द्या, नाहीतर पिल्लू चिखलातलं दिसतं. कापायचं काम मोठ्यांनीच करा, मुलांची कात्री त्यावर चालत नाही आणि घसरते. ससा मला फारसा पटत नाही. तो जर्मनीतला, 1682 च्या एका लिखाणात पहिल्यांदा सापडतो. रूथ मागेल मात्र, तेव्हा कागदी पिशवीला दोन कान चिकटवून द्या.

अंडी शोधायचा खेळ रविवारी पहाटेच्या उपासनेहून आल्यावर, घरातच. उकडलेली अंडी लपवू नका. उष्णता, मुंग्या, आणि एखादं सापडलं नाही तर तीन दिवसांनी वासाने सापडतं. रिकाम्या काड्यापेट्यांना रंगीत कागद लावा, वीस. दहा पिवळ्या छोटूच्या, दहा निळ्या रूथच्या. रंग वेगळे ठेवले नाहीत तर रूथ दोन मिनिटांत सगळ्या उचलेल आणि पुढचा तास रडारड. छोटूच्या पेट्या गुडघ्याच्या उंचीवर, अर्ध्या दिसतील अशा. रूथच्या अवघड जागी, प्रत्येकीत पुढच्या जागेची चिठ्ठी. आत चॉकलेट नको, दहा वाजेपर्यंत पाघळेल. संत्र्याच्या गोळ्याही नकोत, छोटूच्या घशात अडकतील. स्टिकर दोघांना, एक रुपयाचं नाणं मात्र फक्त रूथच्या पेट्यांत, आणि शेवटी दोघांना बशीत संत्रा बर्फी. बाबांनी सगळ्या जागा डायरीत लिहून ठेवाव्यात. गॅसच्या शेगडीजवळ आणि कूलरच्या मागे काही लपवू नका.

संध्याकाळी उरलेली अंडी सोलून बाबांसाठी सावजी रस्सा करायला हरकत नाही, मुलांसाठी मीठ-मिरपूड लावून.

तुमची,
बेबी

ता. क. रंगवलेली अंडी ठेवायला वाडग्यात गव्हाचं हिरवं घरटं करायचं आहे, घटस्थापनेला शेजारच्या काकू पेरतात तसंच. त्यासाठी 27 ला रात्री मूठभर गहू भिजत घाला, म्हणजे 28 ला मुलांच्या हातून पेरता येतील. एकच मूठ. जास्त दाटीने पेरले की मुळांत बुरशी धरते.