माउंटन मेडोजहून आल्यावर

सेंट जॉर्ज, युटा
दि. 9 ऑक्टोबर

प्रिय कुंदा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘कुठं कुठं फिरलात?’ आणि मी विषय बदलला. तोंडानं सांगवेना, म्हणून लिहिते आहे.

इथून उत्तरेला माउंटन मेडोज नावाचं कुरण आहे. आता नुसती करडी झुडपं, पण 1857 साली गुडघाभर गवत होतं. आर्कान्साहून कॅलिफोर्नियाला निघालेला बेकर-फँचर तांडा गुरांना चारा मिळेल म्हणून तिथं उतरला. कापडी छताच्या बैलगाड्या, बायकापोरं, सगळा संसार बरोबर.

7 सप्टेंबरला हल्ला झाला. गाड्यांचं रिंगण करून ती माणसं पाच दिवस लढली. पाणी जवळच, पण रिंगणाबाहेर! मग 11 तारखेला जॉन ली नावाचा माणूस पांढरं निशाण घेऊन आला. हत्यारं द्या, आम्ही तुम्हाला सुखरूप पोचवतो, म्हणाला. हा आणि त्याचे साथीदार इथल्याच मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीतले, गावरक्षक दलातले. तहानेनं जीव कासावीस झालेल्या लोकांनी बंदुका देऊन टाकल्या. पुढं लहान मुलं आणि जखमी, मागं बायका, शेवटी पुरुष, प्रत्येकाशेजारी एक बंदूकधारी सोबती. थोडं अंतर गेल्यावर इशारा झाला आणि त्या सोबत्यांनीच गोळ्या घातल्या. सुमारे 120 जीव गेले. केसानं गळा कापणं म्हणतो ना आपण, ते हे.

सरकारी फौज युटावर चालून येत होती, सगळा मुलूख धास्तावलेला होता, हे खरं. ती भीती मला समजते. पण पांढरं निशाण हातात धरून? ते मला कधीच समजणार नाही, कुंदा. तांड्याला जाऊ द्या, असं मॉर्मनांचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांचं पत्र पोचलं तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते. पुढं सगळं पाप पायूट आदिवासींच्या माथी मारलं. शिक्षा झाली एकट्या लीला, तीही वीस वर्षांनी. 1877 मध्ये त्याला याच कुरणात आणून गोळ्या घातल्या.

खाली ओढ्याजवळ दगडांची समाधी आहे. 1859 मध्ये सैनिकांनी विखुरलेली हाडं गोळा करून पुरली आणि पहिली रास रचली. 1999 मध्ये ती नव्यानं बांधताना किमान 28 जणांची हाडं वर आली. टेकडीवरच्या दगडी भिंतीवर नावं कोरली आहेत. एकाच आडनावाखाली किती नावं! मी वाचत गेले, मग वाचवेना.

सतरा मुलं तेवढी वाचली. सगळी सातच्या आतली. मोठेपणी काही सांगू शकणार नाहीत, म्हणून सोडलेली. दोन वर्षं ती इथल्याच घरांतून वाढली, मग आर्कान्साला नातेवाइकांकडे पोचवली.

तुझी ईरा पाच वर्षांची ना गं आता? तिथं उभी होते तेव्हा सारखी तिचीच आठवण येत होती. तिला जवळ घेऊन माझा एक पापा दे.

तुझी,
मंगल