बर्नहॅम बीचेसच्या काकांना

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

खरं तर घरी येऊन तुमच्या पाया पडले असते तरी चाललं असतं. पण लंडनजवळच्या स्लाउ गावातल्या आणि आसपासच्या मराठी मंडळींपर्यंतही हे पोचावं असं फार वाटतं, म्हणून हे उघडं पत्र.

आई एप्रिलअखेर आली तेव्हा आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात आणि ती चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत. संगमेश्वरजवळच्या गावात गुरं, शेत, रान यात सगळा जन्म गेलेली बाई. लंडन दाखवून झालं, राजवाडा झाला, नदीवरचे पूल झाले. ती सगळं नीट बघायची आणि घरी आली की पुन्हा गप्प. मंडळाच्या कार्यक्रमात तुमची ओळख झाली आणि तुम्ही तिला म्हणालात, "ताई, उद्या माझ्याबरोबर रानात चला." इतकी वर्षं तिथं स्वयंसेवक म्हणून राबणारा माणूस बोलावतोय हे आम्हाला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

आधी तुम्ही ॲशरिजला, डॉकी वुड नावाच्या रानात नेलंत. ब्लूबेलचा बहर सरत आला होता, तरी झाडांखाली निळंच निळं होतं. सगळे फोटोसाठी फुलांत शिरायला निघाले, तेव्हा तुम्ही कुणालाही न ओरडता पायवाटेवर थांबवून सांगितलंत की पानं तुडवली गेली की खालच्या कंदाला अन्न मिळत नाही आणि बी पडल्यापासून पहिलं फूल यायला पाच-सात वर्षं लागतात. जगातले निम्मे ब्लूबेल याच देशात आहेत, हेही तिथंच कळलं. पोरं वाटेवरच बसली आणि फोटोही वाटेवरूनच निघाले.

पण आईचं रान म्हणजे बर्नहॅम बीचेस, स्लाउजवळचं बीच वृक्षांचं जुनं जंगल. तिथले म्हातारे बीच वृक्ष पहिल्यांदा दिसले तेव्हा मला ते आजारी वाटले. बुटकं, जाडजूड खोड, माणसाच्या डोक्याच्या जरा वर मोठमोठ्या गाठी आणि त्या गाठींतून वर गेलेल्या अवजड फांद्या. एकाचं खोड आतून इतकं पोकळ की आई त्यात उभी राहिली असती, आणि वर मात्र हिरवीगार पालवी. आईने गाठीखाली हात फिरवला आणि म्हणाली, "ह्याची कवळ तोडायचे." कवळ म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्या.

काका, तुम्ही त्या वेळी जे केलंत त्याचे आभार मानायला हे पत्र आहे. शतकानुशतकं सरपणासाठी या झाडांच्या फांद्या कापत, गुरांचं तोंड पोचू नये म्हणून उंचावरच कापत, हे तुम्हाला तोंडपाठ होतं. तरी ते बाजूला ठेवून तुम्ही आईला विचारलंत, "तुमच्याकडे कशी तोडतात?" मग राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला, ऐन-किंजळीची कवळ कधी तोडायची, कुठली फांदी राखायची, पावसाआधी ती भाताच्या रोपासाठी जमिनीवर कशी जाळायची, हे सगळं ती अर्धा तास सांगत होती. या देशात आल्यापासून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. आम्हीही नाही.

त्यानंतर तुम्ही सांगितलेलं मला आजही जसंच्या तसं आठवतं. दोनेकशे वर्षांपूर्वी ही तोड थांबली. फांद्या वाढत गेल्या आणि आता स्वतःच्या वजनाने म्हातारी खोडं फाटतात. एकदम छाटावं तर बीच मरतो, म्हणून दर काही वर्षांनी थोडं थोडं हलकं करायचं. शिवाय कोवळे बीच नव्याने त्याच पद्धतीने कापायला घेतले आहेत, कारण म्हातारे गेल्यावर पोकळ खोडांत राहणारे किडे, बुरशी, वटवाघळं जाणार कुठं? पडलेलं खोडही तिथंच कुजू देतात. गळ्यात जीपीएसचा पट्टा घालून चरणाऱ्या गाई बघून आई तर हरखून गेली.

आणि हे रान उरलंच कसं? 1879 मध्ये ही जमीन बंगले बांधायला योग्य म्हणून विकायला निघाली होती. फ्रान्सिस जॉर्ज हीथ नावाचा निसर्गप्रेमी लेखक मागे लागला आणि 1880 मध्ये सिटी ऑफ लंडनच्या कॉर्पोरेशनने ते लोकांसाठी विकत घेतलं. कुणाची तरी तळमळ आणि कुणाची तरी तिजोरी! आपल्याकडच्या किती टेकड्यांना असं कुणी भेटलं असतं तर, असं मनात आल्यावाचून राहत नाही. तिथला कुंपणातला ड्रुइड्स ओक नावाचा ओक वृक्ष सुमारे आठशे वर्षांचा, म्हणजे देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हाचा. आईने त्याला वाकून नमस्कार केला आणि तुम्हीही केलात.

ऑक्टोबरात ती परतण्याआधी तुम्ही पुन्हा नेलंत. पानं तांबूस झाली होती, वाटेवर बीचच्या काटेरी बोंडांचा खच. चार पाकळ्यांत उकललेलं एक बोंड तिने उचललं, आतल्या दोन तिकोनी बिया सोलून बघितल्या आणि पूर्वी इथं डुकरं चारायला सोडत हे ऐकून म्हणाली, "सोडणारच. फुकट का घालवतील?" घरी येऊन तिने आपणहून वरण-भात लावला आणि रात्री उशिरापर्यंत आम्हाला रानाच्या गोष्टी सांगितल्या. कित्येक महिन्यांनी घरात तिचा असा आवाज ऐकला.

काका, यंदा थंडीत रानातली कामं सुरू झाली की मलाही यायचं आहे. करवत हातात द्या असं म्हणत नाही, फांद्या ओढायला, रचायला ठेवा. शनिवार-रविवार मोकळी आहे. आईचा निरोपही आहे: गेल्या वर्षी कापलेल्या त्या कोवळ्या बीचना फूट कशी आली ते बघा आणि तिला फोटो पाठवा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
स्लाउची एक भाची