आकडा छापलात, पण एकक?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सहाराच्या धुळीत अणुबॉम्बचं विष सापडलं असा मेसेज परत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय, त्यात ८०,००० बेकरेल हा आकडा लाल अक्षरात, आणि दोन दिवसांनी तुमच्या पेपरातही कोपऱ्यातल्या चौकटीत तोच आकडा तसाच आला म्हणून हे पत्र. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवलं, एकक लिहिलं नाही की मार्क कापायचो, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

आकडा खोटा नाहीये. ६ फेब्रुवारी २०२१ ला सहाराची धूळ फ्रान्सवर आली, आकाश नारिंगी झालं, आणि स्विस बॉर्डरजवळच्या शापेल-दे-ब्वा गावात आक्रो नावाच्या, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या फ्रेंच संस्थेसाठी गाडीवर बसलेली धूळ ओल्या कागदाने पुसून घेऊन तपासली तर सीझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ निघाला. हे निसर्गात नसतं, बॉम्बमध्ये किंवा अणुभट्टीत अणू दुभंगला की तयार होतं. हिशोब आला ८०,००० बेकरेल, पण दर चौरस किलोमीटरला! एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख चौरस मीटर असतात, म्हणजे गॅलरीतल्या एका चौरस मीटरवर ०.०८ बेकरेल. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक किरणोत्सर्गी अणू आपोआप फुटणं, तेव्हा इथे साडेबारा सेकंदांनी एक फुटतो. आपण खातो त्या केळ्यात पोटॅशियम-४० या नैसर्गिक किरणोत्सर्गी पोटॅशियममुळे सेकंदाला साधारण १५ फुटतात. संस्थेने एकक नीट लिहिलं होतं, ते गळलं पुढच्या प्रवासात.

मग प्रश्न येतो की हे सीझियम कोणाचं, फ्रान्सने सहारात म्हणजे अल्जेरियात फोडलेल्या बॉम्बचं की दुसऱ्या कोणाचं. मार्च २०२२ ला परत तशीच धूळ आली तेव्हा माझी भाची माद्रिदला होती, फोन करून विचारत होती मामा खिडक्या लावून घेऊ का, मी म्हटलं धुळीसाठी लाव, खोकला होईल. तेव्हा युरोपातल्या साध्या लोकांनी गाडीवरची, गच्चीवरची धूळ पिशवीत भरून शास्त्रज्ञांना पाठवली, शंभरावर सॅम्पल जमली. सीझियम धुळीच्या एका किलोला साधारण १४ बेकरेल निघालं (जपानमध्ये खाण्याच्या वस्तूंची मर्यादा किलोला १०० आहे). पण खरी गंमत प्लुटोनियमची. बॉम्बमधल्या या धातूचे दोन प्रकार, प्लुटोनियम-२४० आणि २३९, यांचं एकमेकांशी प्रमाण हे बॉम्बच्या बोटाच्या ठशासारखं असतं, अमेरिका आणि रशियाच्या मोठ्या चाचण्यांची जगभर पसरलेली राख ०.१८ च्या आसपास दाखवते, फ्रान्सच्या अल्जेरियातल्या चाचण्यांचं ०.०७ च्या खाली. धुळीत निघालं ते अमेरिका-रशियाच्या राखेसारखं. २०२५ मध्ये हे छापून आलं. म्हणजे धूळ अल्जेरियाच्या दक्षिणेकडून उडाली खरी, पण तिच्यात जास्त करून जगभरच्या १९५०-६० च्या दशकातल्या चाचण्यांचा गाळ आहे, जो सगळीकडेच मातीच्या वरच्या थरात चिकणमातीला धरून बसलाय.

आता कोणी म्हणेल की फ्रान्स सुटलं. अजिबात नाही, आणि हे मला तुमच्या वाचकांना कळकळीने सांगायचंय. १३ फेब्रुवारी १९६० ला फ्रान्सने अल्जेरियातल्या रेगानजवळ ७० किलोटनचा बॉम्ब उघड्यावर फोडला, अजून तीन तसेच फोडले, मग तिथल्याच ‘इन एकर’ नावाच्या जागी डोंगरात १३ भुयारी, त्यातला १ मे १९६२ चा बाहेर फुटून वर ढग आला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९९ ला जाऊन माती तपासली तर बराचसा भाग ठीक निघाला, पण स्फोटाच्या काही जागा आणि त्या भुयाराच्या तोंडाशी किरणोत्सर्ग शिल्लक होता. तिथे माणसं राहतात, जनावरं चारतात. माद्रिदच्या धुळीचा रिपोर्ट दाखवून रेगानच्या मातीचा प्रश्न मिटत नाही, ती माती वेगळी, तिचं मोजमाप तिथेच जाऊन करायला लागतं, आणि प्लुटोनियम-२३९ ला अर्धं व्हायला २४,००० वर्षं लागतात.

आपल्याकडेही धूळ येतेच की. २३ जानेवारी २०२२ ला कराचीकडून आलेली धूळ डोंबिवलीत गाड्यांवर पांढरी बसली होती, सगळ्यांनी फोटो टाकले आणि धुऊन टाकली. त्यातली चमचाभर जरी कोणी स्वच्छ डबीत, तारीख-ठिकाण लिहून ठेवली असती तर जर्मेनियम डिटेक्टर (कुठला किरणोत्सर्गी पदार्थ किती आहे ते मोजणारं यंत्र) असलेल्या कुठल्याही लॅबला तपासता आली असती. पुढच्या वेळी तुमच्या पेपराने असं आवाहन करावं, आमच्यासारखे निवृत्त लोक आणि कॉलेजची मुलं नक्की जमवून देतील.

आणि तोवर त्या चौकटीची दुरुस्ती तरी छापा. ८०,००० बेकरेलच्या पुढे "दर चौरस किलोमीटरला", तीनच शब्द लागतील.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त फिजिक्स शिक्षक, डोंबिवली