शुभे, गोळी सोडू नकोस

प्रिय शुभे,

तुझं पत्र वाचलं आणि निवडायला घेतलेली भाजी तशीच ठेवून लिहायला बसले. गळ्यातल्या विशुद्ध चक्रावर ध्यान करतेस, आनंद आहे. पण दहा दिवस थायरॉईडची गोळी बंद आणि तरी 'एकदम छान वाटतंय', हे वाचून काळजात धस्स झालं.

अगं, गोळीतलं औषध रक्तात निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. तू अजून जुन्या गोळ्यांच्या पुंजीवर चालली आहेस. एका शिबिरातून आल्यावर मीही हेच केलं होतं. तीन आठवडे काही जाणवलं नाही. मग भर मे महिन्यात दुपारी शाल पांघरून बसायला लागले, कंगव्यात केसांचे पुंजके, बोटातली अंगठी निघेना. रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडला की वाढणारं संप्रेरक, भलतंच वाढलेलं निघालं.

गळ्याचं चक्र म्हणजेच थायरॉईड, हे शिबिरात ठासून सांगतात. पण पूर्णानंद या तांत्रिक साधकांनी 1577 साली षट्चक्रांचं वर्णन केलं, त्यात या चक्राला सोळा पाकळ्या आहेत, 'हं' हे बीज आहे. ग्रंथीचं नाव नाही. ती जोडी विसाव्या शतकात जुळवली. मुंबईच्या डॉ. वसंत रेळ्यांनी तर 1927 साली कुंडलिनी, म्हणजे शरीरात निजलेली शक्ती, ती व्हेगस हा मज्जातंतूच, असं मांडलं होतं.

मला खरी भिडते ती ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली कुंडलिनी. जागी होते ती भुकेलीच! मांस खाते, रस-रक्तासारखे शरीराचे सातही धातू पिऊन टाकते, तेव्हा कुठे तृप्त होते. भूक, अग्नी, धातू... चयापचयाबद्दल आपल्या माणसांनी किती आतून विचार केला होता!

बेंबीपाशी मणिपूर चक्र, अग्नीचं स्थान. मी रोज अग्निसार करते: श्वास पूर्ण सोडायचा, हात मांड्यांवर रोवायचे, पोट आत-बाहेर हलवायचं. दहा-बारा हेलकाव्यांत बेंबीमागे ऊब येते. लोणावळ्याला योगाचे संशोधक कुवलयानंद यांनी 1924 च्या सुमारास नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब मोजला, तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. म्हणजे पोटात काहीतरी घडतं, हे नक्की. पण तुझ्या ग्रंथीच्या पेशीच झिजल्यात. त्यांनी बनवायचं संप्रेरक ध्यानातून येणार नाही.

आजच डॉक्टरांना फोन कर. गोळी पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घेत जा. चहाला अर्धा-पाऊण तास थांबावंच लागतं ना, तेवढ्या वेळात गळ्यावर ध्यान लाव. मीही तेव्हाच बसते.

डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझीच,
मंदा