कडेच्या खुर्चीवरून

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, १२ मार्च २०२३

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

काल पेन स्टेशनवरून अगदी उशिराची गाडी मिळाली. घरी पोचेपर्यंत एक वाजला, आणि डोळा लागतो न लागतो तोच घड्याळं तासभर पुढे. आज सकाळपासून डोकं जड आहे. तुझे बाबा मात्र दुपारी तास-दीड तास घोरून गेलेला तास व्याजासकट वसूल करताहेत.

तू परवा फोनवर बजावलंस, "आई, नाच मला सांगू नकोस, नाच मला कळतो. लोक कसे होते ते सांग." तुमच्या प्रयोगाचे प्रीव्ह्यू, म्हणजे उद्घाटनाआधीचे खेळ, तीन आठवड्यांवर आलेत आणि पोटात गोळा आलाय, हे मला तू न सांगताच कळलं. फोनवर तू दर वाक्याला "हो हो, पुढे" करतोस, म्हणून लिहूनच काढते. पुढे जायची घाई असेल तर पान उलट.

तर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचा 'डान्सिन', बॉब फॉसींनी १९७८ला बसवलेला नाचाचा प्रयोग, आता पुन्हा उभा केलेला. पंचेचाळिसाव्या रस्त्यावरचं म्युझिक बॉक्स, अर्व्हिंग बर्लिन आणि सॅम हॅरिस यांनी १९२१ साली बांधलेलं, हजारेक खुर्च्यांचं थिएटर. २ तारखेला प्रीव्ह्यू सुरू झाले, १९ला रीतसर उद्घाटन आहे. म्हणजे मी पाहिला तेव्हा रंग अजून ओला होता. दिवसा बदल करायचे, रात्री तेच लोकांपुढे करून बघायचं, आणि समीक्षक यायच्या आधी कुठेतरी थांबायचं, असं तूच मला एकदा समजावलं होतंस. मला बाल्कनीत अगदी कडेची खुर्ची मिळाली. रंगमंचाचा एक कोपरा कापला जात होता, पण खालचा प्रेक्षक आरशात दिसावा तसा दिसत होता. माझं काम तेच होतं.

लग्नाआधी चार वर्षं मी हौशी नाटकांत विंगेत वही धरून बसायचे, हे तुला माहीत आहे. प्रॉम्प्टरला नाटक अर्धं दिसतं आणि प्रेक्षक दिसतच नाहीत, फक्त ऐकू येतात. तिथे मी एक गोष्ट शिकले. टाळी लोक भिडेखातरही देतात. भिडेखातर खोकला कुणी दाबत नाही. नाटक पकड घेतं तेव्हा अख्खं हाऊस खोकायचं विसरतं, आणि सुटलं की आधी एक खोकतो, मग त्याच्या मागोमाग दहा जण. खुर्च्यांचंही तसंच. काल मी बराच वेळ डोळे रंगमंचावर आणि कान खाली ठेवून बसले होते.

आधी लोक कोण होते ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं चुकीचं वाचशील. माझ्या अंदाजानं निम्मं थिएटर तुमच्या जातीचं होतं, म्हणजे नाचणाऱ्यांचं. ताठ मानेनं चालणारी, पाय बाहेर वळलेली, केस घट्ट बांधलेली पोरं-पोरी. दिवे मंद झाले तेव्हाच हे लोक ओरडायला लागले. अजून कुणी बोटही हलवलं नव्हतं! नांदीलाच वन्स मोअर म्हणावा तसं ते. त्यामुळे पहिल्या आठवड्यांतल्या आरोळ्यांवर फार जाऊ नकोस. ते घरचेच लोक. तिकीट काढून आलेला तिऱ्हाईत अजून यायचाय.

सुरुवातीलाच एक जण येऊन सांगतो की यात गोष्ट जवळपास नाही, नाचच नाच आहे. लोक हसले, टाळ्या पडल्या. आणि अर्ध्या तासानं माझ्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी बायकोच्या कानाशी लागून विचारलं, "हे सगळे एकमेकांचे कोण?" बायकोनं फक्त त्यांच्या हातावर हात ठेवला. तो माणूस मला फार जवळचा वाटला. त्यालाच धरून ठेवायचंय खरं तर. नाचणारे काय, ते काहीही झालं तरी ओरडतील.

आता खोकला. सगळ्यात जास्त आवाज झाला तो मोठ्या उड्यांना, कानाला लागणाऱ्या पायांना. 'सिंग सिंग सिंग' या नाचात ट्रम्पेटचा जो तुकडा आहे, १९७८च्या मूळ प्रयोगात ज्यावर अ‍ॅन राइनकिंग नाचल्या होत्या, तिथे तर छप्पर उडेल असं वाटलं. माझ्या शेजारच्या मुलीनं चक्क माझा दंड धरला आणि मग "सॉरी" म्हणाली. पण हाऊस खरं गप्प झालं ते दुसऱ्याच जागी. सगळेच्या सगळे एकसारख्या सूट-हॅटमध्ये, हळू, जवळजवळ काहीच न करता सरकत होते. खांदा एवढासा, मनगट एवढंसं, हॅटची कड दोन बोटांनी. आपल्याकडे कथकमध्ये नुसत्या भुवईवर लोक थांबतात ना, तसं. त्या तेवढ्या मिनिटांत मी एकही खोकला ऐकला नाही. टाळी मात्र बेताचीच पडली. आता दिग्दर्शक विंगेतून टाळ्याच मोजत असेल तर त्याला वाटेल की उड्या वाढवाव्यात, हे सरकणं जरा कमी करावं. तू माझा मुलगा आहेस, तू खोकले मोजशील.

मध्यंतरात मी बायकांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत उभी राहिले. गरज नव्हती तरी. ब्रॉडवेवर त्या रांगेइतकी खरी समीक्षा कुठे मिळत नाही, कारण पंधरा मिनिटं हलता येत नाही आणि सगळ्या जणी एकमेकींना अनोळखी. एक म्हणाली, मागचे दिवे आणि ती हलती चित्रं डोळ्यांत जातात, मी पाय बघू की भिंत बघू? दुसरी तिच्यावर उसळलीच, की माझ्या लेकीला पहिल्यांदा नाच आवडला तो त्या भिंतीमुळे. तिसरी, साठीची, एकदम बारीक आवाजात म्हणाली, "मी हे करायचे. हे नाही, पण असलं. गुडघे गेले." मग बाकीच्या तिला पुढे जाऊ देऊ लागल्या. ती नको म्हणाली.

माझं मत विचारशील तर मी पहिलीच्या बाजूची. ज्यांचा खांदा बोलतो त्यांच्या मागे भिंतीनं गप्प बसावं.

आणि याला एक साक्षीदारही मिळाला. खाली दारापाशी काठी टेकून उभे असलेले एक आजोबा भेटले. त्यांनी मूळ प्रयोग ब्रॉडहर्स्टला पाहिला होता, इथून एक गल्ली मागे, चव्वेचाळिसाव्या रस्त्यावर. तो २७ मार्च १९७८ला सुरू झाला आणि पुढे थिएटर बदलून १९८२पर्यंत चालला, १,७७४ प्रयोग. मी विचारलं, तेव्हाचं आणि आताचं यात काय फरक? मला वाटलं ते म्हणतील की तेव्हाचे नाचणारे काही औरच. म्हातारे लोक तसंच म्हणतात, मीही बालगंधर्वांबद्दल म्हणते आणि मी तर त्यांना पाहिलेलंही नाही. पण ते म्हणाले, "तेव्हा अंधार जास्त होता." बस्स. घरी येऊन आठवलं की त्या प्रयोगाला टोनी, म्हणजे ब्रॉडवेची मानाची पारितोषिकं, मिळाली ती दोनच. एक नृत्यासाठी फॉसींना आणि दुसरं प्रकाशयोजनेसाठी ज्यूल्स फिशर यांना. आजोबांना ते पारितोषिक ठाऊक असेल-नसेल, त्यांच्या डोळ्यांना पंचेचाळीस वर्षांनंतरही अंधार आठवत होता.

आता ज्यानं हे पुन्हा उभं केलंय तो वेन सिलेंटो. तू लहानपणी 'अ कोरस लाइन'ची, त्या नाचणाऱ्यांच्या निवडीवरच्या नाटकाची, तबकडी झिजवलीस, त्यातला "हे तर मलाही येतं" म्हणणारा माइक, १९७५ सालचा पहिला माइक, तोच हा. मूळ 'डान्सिन'मध्येही तो होता. म्हणजे वहीत लिहिलेलं नाही, अंगात राहिलेलं काढून देतोय. गंडा बांधून शिकवावं तसंच की हे. पण बसवणारा जेव्हा हयात नसतो (फॉसी १९८७मध्येच गेले, तेही वॉशिंग्टनमध्ये स्वतःच्याच एका जुन्या कामाच्या पुनरुज्जीवनाच्या रात्री) तेव्हा प्रीव्ह्यूत लोकांचं ऐकून बदलायचं ते कुणाच्या जिवावर? नवीन कामात प्रेक्षक कुरकुरला तर लेखकाला खोलीत कोंडता येतं. 'अ कोरस लाइन'चंच बघ. पब्लिक थिएटरमधल्या सुरुवातीच्या प्रयोगांत शेवटी कॅसी या नाचणारीची निवड होत नसे. मार्शा मेसन या अभिनेत्रीनं पाहून दिग्दर्शक मायकल बेनेटना सांगितलं की तिला काम मिळायलाच हवं, लोकांना तेवढी आशा लागते. त्यांनी शेवट फिरवला, आणि मग ते ६,१३७ प्रयोग झाले. इथे कुणाला विचारणार? आणि गोष्टच नाही तर शेवट फिरवणार कुठला?

गंमत अशी की यात उलटही घडलंय. 'बिग सिटी माइम' नावाचा एक तुकडा १९७८ला न्यूयॉर्कला येण्याआधी बॉस्टनमध्येच कापला गेला होता. तो आता परत आणलाय. म्हणजे तेव्हाच्या सुरुवातीच्या दिवसांत जे गेलं, ते आताच्या सुरुवातीच्या दिवसांत पुन्हा परीक्षेला बसलंय. मी कान टवकारून ऐकलं. लोक हसले, पण हसू तुकड्यातुकड्यानं आलं. इकडून थोडं, तिकडून थोडं, एकदम उसळलं नाही. डावीकडे खुर्च्या वाजल्या. तेव्हा कापणाऱ्यांचं चुकलं की आता आणणाऱ्यांचं, मला ठरवता आलं नाही, आणि एका रात्रीत ठरवूही नये.

हो, एक राहिलं. प्लेबिलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या पुस्तिकेत, एक चिठ्ठी निघाली, आज अमक्याच्या जागी तमका. तुझ्यासारखाच स्विंग, कुणी आलं नाही की त्याच्या जागी नाचणारा. दहा जणांच्या जागा पाठ आणि स्वतःची जागा एकही नाही, असं तू म्हणतोस ना. मी ठरवलं की आज त्याच्याकडेच बघायचं. दुर्बीण नव्हती, चष्मा पुसपुसून बघितलं. तो कुठला ते शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. त्याच्या आईला आलं असतं.

शेवटी सगळे उभे राहिले. ते तर इथे हल्ली कशालाही राहतात, कोट घालायचाच असतो नाहीतरी. म्हणून मी पाहिलं ते बाहेर पडतानाचं. पुढच्या रांगेतले ते गृहस्थ जिन्यावरून उतरताना, काही न बोलता, एका हाताची बोटं फाकवून मनगट वळवून बघत होते. दोनदा. बायकोनं पाहिलं तसा हात खिशात घातला.

हे कळतं तसं लिहिलंय. उद्घाटनानंतर परीक्षणं येतील, ती वेगळंच म्हणतील कदाचित, तेव्हा मला हसू नकोस. आज रात्री ऑस्करचा सोहळा आहे, 'नाटू नाटू' तिथे नाचून दाखवणार आहेत म्हणे. बाबा त्यासाठी जागणार, म्हणून तर आत्ता झोपलेत. मी त्यांना सांगितलं की फॉसींना ऑस्कर, टोनी आणि एमी तिन्ही एकाच वर्षी मिळाली होती, १९७३ला, बरोबर पन्नास वर्षांपूर्वी. तर म्हणाले, "मग त्यानंतर त्यानं एवढा नाच कशाला केला?" यांना काय सांगणार.

गुडघ्याला पट्टी बांधतोस का? रात्री, नाचून झाल्यावर बांधायची, आधी नव्हे, असं तुझ्याच फिजिओनं सांगितलं होतं, मी नाही.

तुमच्या पहिल्या प्रीव्ह्यूचं तिकीट काढायचंय. बाबांना मधलं काढ, त्यांना तू दिसायला हवास. मला कडेचं चालेल, शक्यतो वरचं. तू कुठल्या बाजूच्या विंगेतून येतोस तेवढं कळव, म्हणजे त्याच्या समोरची कड घेते.

तुझी,
आई