स्मॅश थांबेल, आधी सर्व्हिस उचलू दे

दादर, मुंबई

प्रिय बंड्या,

तुमच्या व्हॉलीबॉल टीममधल्या नव्या पोराबद्दलचं तुझं पत्र वाचलं, पाठवलेले व्हिडिओही पाहिले. पोरगा पंधराचा, अंगकाठी उंच, उडी बघून सगळं मैदान खूश, आणि म्हणून तू त्याला चार नंबरवर, म्हणजे नेटपाशी डावीकडे, उभा करून स्मॅश मारायला लावणार. स्पष्टच सांगतो, तुमच्या टीमला स्मॅशरची टंचाई नाही, सर्व्हिस उचलणाऱ्याची, म्हणजे ती हातांवर घेऊन नीट वर काढणाऱ्याची आहे. समोरून जरा बरी फ्लोट, म्हणजे न फिरता तरंगत येणारी सर्व्हिस, आली की बॉल पंचाच्या खुर्चीकडे, स्मॅशसाठी बॉल देणारा सेटर त्याच्यामागे धावतोय आणि तुमचे धडधाकट स्मॅशर नुसते बघत उभे. वाया गेलेली प्रत्येक उचल म्हणजे समोरच्याला सरळ गुण. तेव्हा पहिले सहा आठवडे याला उचलायला शिकव.

त्याआधी बॉल तपास. आपल्याकडे क्लबात बॉल दगडासारखा फुगवायची खोड आहे. नियमात दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर आहे. काटा असलेला पंप फार महाग नसतो. कडक बॉल हातावर आपटला की पोर डोळे मिटतं, हात आखडतं, आणि आपण त्याच्या तंत्राला नावं ठेवतो. नेटही मोज, आणि मधोमध मोज. तिथे २.४३ मीटर हवं, टोकांना फार तर २ सेंटीमीटर जास्त. बांबूवर २.४३ची खूण करून ठेव. झोळ आलेल्या नेटवर सराव केलेल्या पोरांचे स्मॅश स्पर्धेत नेटच्या पट्टीत का जातात, त्याचं उत्तर त्या बांबूवर सापडेल.

आता उचल. दोन्ही अंगठे शेजारी समांतर, मनगटं खाली झुकलेली, कोपरं ताठ. बॉल मनगटाच्या चार बोटं वर, हाताच्या सपाट भागावर बसला पाहिजे. व्हिडिओत त्याचा बॉल अंगठ्यांच्या हाडावर लागतोय, म्हणून तो तिरपा उडतो. दुसरी चूक जास्त महागाची: तो हात झोकतो. जोरात आलेल्या बॉलला स्वतःचाच जोर पुरेसा असतो. वर हात झोकला की बॉल थेट पलीकडे जातो आणि त्यांना फुकटचा हल्ला मिळतो. जोरदार सर्व्हिसला हात जागेवर, सावकाश आलेल्या बॉलला गुडघ्यातून उचल. दिशा खांद्यांनी द्यायची. बॉल उजवीकडे आला आणि सेटर डावीकडे असेल तर डावा खांदा जरा खाली. आणि बॉल हाताला लागण्याआधी पाय थांबलेले हवेत. हे शेवटचं सगळ्यांना माहीत असतं, करत कोणी नाही.

पहिला आठवडा ५ मीटरवरून हाताने टाकलेले बॉल, २५-२५चे चार डाव. दुसऱ्या आठवड्यात ६ मीटरवरून अंडरहँड सर्व्हिस, तिसऱ्यापासून शेवटच्या रेषेमागून फ्लोट. फ्लोट ऐन वेळी खाली पडते किंवा बाजूला सरकते, म्हणून छातीच्या वर आलेली बोटांनी घ्यायलाही शिकव. पहिल्या स्पर्शात एकाच हालचालीत दोनदा लागला तरी चालतं, हे पोरांना ठाऊकच नसतं. दोन आणि तीन नंबरच्या मध्ये, म्हणजे मधोमधपेक्षा जरा उजवीकडे, नेटपासून मीटरभर अलीकडे, एक पोतं टाक; बॉल तिथे पडला पाहिजे. नेटला चिकटला तर सेटर एका हाताने काय करणार?

हिशेब वहीत ठेव. सेटर जागचा हलला नाही तर ३, दोन पावलं हलला तर २, नुसता उंच बॉल देता आला तर १, गेला तर ०. रोज २० सर्व्हिस. सरासरी २ झाली की पोरगा मॅचला तयार.

मॅचमध्ये त्याला लिबेरोच्या, म्हणजे फक्त मागे बचाव करणाऱ्या खेळाडूच्या, शेजारी ठेव, दोघांच्या मधली फट कोणाची हे आधीच ठरवून. आपल्या मैदानांवर सगळ्यांत जास्त गुण जातात ते ‘घे, घे’मुळे: तिघं ओरडतात, बॉल मधोमध पडतो. ‘घे’ बंद. जो घेणार तोच ‘माझा’ म्हणेल, तेही बॉल नेट ओलांडायच्या आत.

स्मॅश अगदीच बंद ठेवू नकोस, नाहीतर पोरगा रुसेल. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून, एकूण ४०-५० उड्या. त्याची मुख्य चूक घाई आहे. सेटरच्या हातातून बॉल सुटायच्या आत तो निघतो, बॉलच्या खाली जातो आणि कोपर वाकवून मारतो. बॉल सुटलेला दिसला की मगच पाय उचलायचा. उजव्या हाताचा आहे, म्हणजे डावा-उजवा-डावा. पहिलं पाऊल सावकाश, शेवटची दोन झपकन. बॉल उजव्या खांद्याच्या किंचित पुढे, हात पूर्ण ताणून. उतरताना दोन्ही पाय, गुडघे वाकलेले.

गुडघ्यांचं मात्र ऐक. तुमचं मैदान डांबरी, वय वाढीचं, आणि पोरगा कल्याणहून लोकलमध्ये तासभर उभा राहून येतो. आल्या आल्या उड्या नकोत; दहा-बारा मिनिटं अंग गरम करू दे. वाटीच्या खाली दुखतं किंवा तिथे टेंगूळ आलंय असं म्हणाला तर त्याच दिवशी उड्या बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. बाम चोळून खेळवू नकोस.

पावसाळ्यात मैदानावर पाणी साचलं की सोसायटीच्या पार्किंगमधली भिंत पुरते. ३ मीटरवर उभं राहून सलग ५० उचली. छत बुटकं असलं तर उत्तमच, बॉल आपोआप आवाक्यात ठेवावा लागतो. वॉचमनला आधी सांगून ठेव.

पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे व्हॉट्सअॅपवर पाठव, मग त्याची रोटेशनमधली, म्हणजे जागा बदलण्याच्या क्रमातली, जागा ठरवू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या