माटोळीसाठी कळलावी खुडा, उपटू नका

संपादक महोदय,

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यात म्हापसा, फोंडा, डिचोलीच्या बाजारांत माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळाफुलांच्या छताचे, सामान येते. त्यात ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावीही असते. कोणी तिला वाघनखी म्हणते, कोणी अग्निशिखा. फुले हवीत हे बरोबरच आहे, पण जुडीत बुंध्यापासून कापलेली, कधी तर कंदासकट उपटलेली वेल असते. तिथेच नुकसान होते.

कळलावी बहुवर्षायू आहे. पावसाळा सरला की वेल वाळते आणि कंद मातीखाली झोपी जातो. हा कंद नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. जूनमध्ये कंदाच्या टोकावरचा डोळा फुटतो. वेल वाढवताना जुना कंद रिता होतो आणि पुढच्या वर्षासाठी पाने नवा कंद भरू लागतात. भाद्रपदात हेच काम चालू असते. तेव्हा वेल बुंध्याशी कापली तर कंद लहान राहतो, पुढच्या वर्षी वेल खुरटी येते आणि फूल धरत नाही. उपटली तर प्रश्नच मिटला.

म्हणून फक्त फूल घ्यावे. त्याचा देठ चांगला चार बोटे लांब असतो. सकाळी तो धारदार कात्रीने कापून लगेच पाण्यात ठेवावा आणि पाच-सहा फुले केळीच्या सोपटाने बांधावीत. वेल हवीच असेल तर शेंड्याकडची हातभर घ्यावी, खालची पाने ठेवावीत. प्रत्येक वेलीवर दोन-तीन फुले शेंगांसाठी सोडावीत.

घरी लावायची तर रानातला कंद खणू नये. वाळून उकललेल्या शेंगेतले केशरी-लाल बी घ्यावे, सावलीत वाळवून जूनमध्ये पेरावे. उगवण अतिशय सावकाश व मागेपुढे होते. पहिल्या वर्षी गवतासारखी एक-दोन पानेच दिसतात, ती तण समजून उपटली जातात. फूल यायला तीन-चार वर्षे लागतात. कुंडी फूटभर खोल हवी, माती निचऱ्याची, आणि चढायला काटक्यांचा आधार, कारण पानांची टोकेच ताणे होऊन आधार धरतात. वेल पिवळी पडली की पाणी बंद करावे. उन्हाळ्यात पाणी घातल्यानेच बहुतेक कंद कुजतात. पुढे कंद मोठा झाल्यावर दोन्ही भुजा वेगळ्या लावता येतात, मात्र टोकाचा डोळा मोडला तर ती भुजा फुटत नाही.

एक गोष्ट विक्रेत्यांनी आणि घरच्यांनी विसरू नये. कळलावीच्या सर्व भागांत कोल्चिसीन हे विष असते, कंदात आणि बियांत सर्वाधिक. उपटलेले कंद करांदे, कणगी अशा खायच्या कंदांच्या शेजारी पडले तर घात होऊ शकतो. खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या आणि जुलाब सुरू होतात, पुढे मूत्रपिंडांसह इतर अवयव निकामी होऊ शकतात. लक्षणांची वाट न पाहता, वनस्पतीचा तुकडा बरोबर घेऊन थेट इस्पितळात जावे. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप लावण्याची जुनी रीत तर कोणीही करू नये. माटोळी उतरवल्यावर फुले गुरांपुढे टाकू नयेत, आणि कंद हाताळला तर हात साबणाने धुवावेत.

गोवा सरकारचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळी स्पर्धा घेते. तिच्या नियमांत एक ओळ घालावी: कंद वा मुळासकट आणलेल्या रानवनस्पतीला गुण नाहीत. परीक्षकांना देठाचे टोक पाहून हे कळते. रस्त्याकडेचे गवत कापणाऱ्या पंचायतींनी वळणांवर, जिथे दृष्टी अडते तिथे, जरूर कापावे. कुंपणांवर आणि दरडींवर चढलेली कळलावी मात्र शेंगा उकलेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबर अखेरपर्यंत, तशीच ठेवावी.

— एक वाचक, डिचोली